खांदा दुखतोय, हात वर जात नाही: निदान कसं करून घ्यायचं आणि उपचार कसे निवडायचे

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी माळ्यावरून सोऱ्या काढायला डावा हात वर केला आणि खांद्यातून अशी कळ गेली की स्टुलाचा आधार घेऊन तशीच उभी राहिले. वाटलं, साफसफाईने हात भरून आला असेल. मलम चोळलं, शेक घेतला. डिसेंबरपर्यंत डाव्या कुशीवर झोपणं बंद झालं. संक्रांतीपर्यंत अंबाडा घालता येईना, मागे हात नेऊन हूक लावता येईना. मधल्या काळात तेलं झाली, पाच वेळा मालिश झालं. ‘सांधा बसवून देतो’ म्हणणाऱ्या एकाने हात धरून असा हिसका दिला की पुढच्या तीन रात्री मी बसून काढल्या.

फेब्रुवारीत अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी कोपर कमरेला टेकवायला सांगितलं, मनगट धरलं आणि हात अलगद बाहेरच्या बाजूला वळवला. थोडा वळला आणि दाराला कडी लागावी तसा अडला. उजवा हात त्याच्या तिप्पट वळत होता. “फ्रोझन शोल्डर आहे. साखर कधी तपासली होती?” त्यांनी विचारलं. कधीच नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एचबीएवनसी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.१. म्हणजे मधुमेह होता, आणि तो मला खांद्याने सांगितला.

तपासणीला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांपर्यंत पोचायला मी चार महिने लावले, ही गोष्ट मला अजून लागून राहिली आहे. मी डॉक्टर नाही. पण त्यानंतरच्या दीड वर्षात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट यांना विचारून, वाचून जे समजलं ते इथे लिहिते आहे, कारण ‘खांदा धरलाय’ म्हणून महिनोन्‌महिने सोसणारी माणसं मला आता जागोजागी दिसतात. सगळ्यात आधी एकच सांगायचं आहे: खांदेदुखी हे आजाराचं नाव नाही. आधी नाव शोधा, मग उपाय. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी फाटलेल्या खांद्याला जे लागतं ते आखडलेल्या खांद्याला लागत नाही, आणि मानेतून येणाऱ्या कळेला तर यातलं काहीच लागू पडत नाही.

वाट पाहायची नाही अशी लक्षणं

डाव्या खांद्यात किंवा हातात दुखतंय आणि सोबत छातीवर दडपण, घाम, धाप, मळमळ असेल तर तो खांदा नाही, हृदय समजा आणि १०८ ला फोन करा. मधुमेह असलेल्यांना हृदयविकारात छातीत फारसं न दुखताही त्रास होऊ शकतो, त्यांनी तर जास्तच सावध राहावं. हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो, तेव्हाही १०८.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं अशी आणखी काही कारणं आहेत. ताप आहे आणि खांदा सुजून गरम, लाल झाला आहे. पडल्यानंतर हात उचलताच येत नाही किंवा खांद्याचा आकार बदलला आहे. फीट येऊन गेल्यावर किंवा विजेचा जोरदार धक्का बसल्यावर खांदा अडकला आहे. अशा वेळी सांधा मागच्या बाजूला निखळलेला असू शकतो आणि नेहमीच्या एका एक्स-रेत तो सुटूनही जातो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे सकाळी तास-तासभर जखडतात आणि त्याच सुमारास कानशिलात दुखणं, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं सुरू झालं, तर दृष्टीला धोका असू शकतो.

कारण नसताना वजन उतरतंय, संध्याकाळी बारीक ताप येतो, खांद्याजवळ गाठ लागते, आधी कॅन्सर होऊन गेला आहे, यातलं काही असेल तर पहिल्याच भेटीत ते सांगा. आपल्याकडे खांद्याच्या सांध्याचा क्षयरोगही होतो. तो फार आढळत नाही, पण मालिशने बरा होणारा नाही.

घरी करायची तपासणी: दुसऱ्याचा हात मदतीला घ्या

आरशासमोर उभं राहा. घरातलं कुणीतरी शेजारी हवं, कारण सगळं मर्म तिथे आहे. आधी हालचाल स्वतः करा, मग हात पूर्ण सैल सोडा आणि तीच हालचाल मदतनिसाला हळू करायला सांगा. जोर लावायचा नाही. अडलं की थांबायचं.

पहिली हालचाल समोरून वर, दुसरी बाजूने वर. तिसरी पाठीमागे: अंगठा कुठवर पोचतो? कमरेच्या नाडीपर्यंत, की पाठीच्या मध्यापर्यंत? चौथी सगळ्यात महत्त्वाची. दोन्ही कोपरं नव्वद अंशांत दुमडून कमरेला चिकटवा, मुठी समोर ठेवा आणि दाराची दोन कवाडं उघडावीत तसे दोन्ही पंजे बाहेर न्या. निरोगी खांदा साधारण ६० अंश किंवा त्याहूनही जास्त वळतो. एका बाजूला फरक आहे का, ते पाहा.

स्वतःला जमत नाही आणि मदतनिसालाही जमत नाही, विशेषतः बाहेर वळवताना हात दगडासारखा अडतो, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता मोठी. वयस्कर माणसांत सांध्याची झीजही असंच अडवते. तिथे बहुतेकदा करकर जाणवते आणि एक्स-रेत ती स्पष्ट दिसते.

स्वतःला हात उचलत नाही, पण मदतनीस तो सहज वर नेतो, आणि सोडला की हात धप्पकन खाली येतो. इथे सांधा मोकळा आहे, ओढणारी दोरी कमजोर किंवा फाटलेली आहे. या दोऱ्यांच्या गटाला रोटेटर कफ म्हणतात. पडल्यानंतर असं झालं असेल तर दोन-तीन महिने थांबू नका. ताजी फाटलेली दोरी शिवायची असेल तर ती लवकर शिवलेली बरी.

हात पूर्ण जातो, पण बाजूने वर नेताना मधल्याच टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांत, कळ येते आणि पुढे कमी होते. ही बहुतेकदा दोरीची सूज किंवा घासणं असतं. एका रात्रीत असह्य दुखणं सुरू झालं, हात हलवू देत नाही, तर दोरीत कॅल्शियमचा साठा झालेला असू शकतो. तो एक्स-रेत पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो.

आणि मान. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत उतरतं, मुंग्या येतात, मान वळवली की वाढतं, खांदा मात्र चारही दिशांना मोकळा हलतो, तर मूळ मानेत शोधावं लागतं.

ही तपासणी म्हणजे निदान नव्हे. पण ‘खांदा दुखतो’ याऐवजी ‘हात बाहेर वळत नाही, दुसऱ्याने वळवला तरी वळत नाही’ असं एक वाक्य डॉक्टरांना सांगता आलं तर अर्धं काम तिथेच होतं.

आत नेमकं काय होतं

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैलसर वेष्टण असतं. डॉक्टर त्याला कॅप्सूल म्हणतात. ते सैल आहे म्हणून तर हात आपण इतका फिरवू शकतो. फ्रोझन शोल्डरमध्ये त्याला आधी सूज येते, मग ते जाड होतं आणि आकसतं. बाही आटून घट्ट झालेल्या ब्लाऊजसारखी अवस्था होते: हात आहे, ताकद आहे, पण जागाच नाही. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली वापरात आणलं. या आजाराची व्याख्या करणं, तो बरा करणं आणि तो का होतो हे सांगणं, तिन्ही अवघड आहे असं त्यांनी तेव्हाच म्हटलं होतं. जपानमध्ये याला ‘गोजुकाता’, म्हणजे पन्नाशीचा खांदा, म्हणतात. ते नाव मला जास्त पटतं, कारण हा प्रामुख्याने चाळीस ते साठ या वयातला आजार आहे, आणि बायकांना जास्त होतो.

सर्वसाधारण १०० माणसांत दोन ते पाच जणांना तो होतो. मधुमेहींमध्ये हे प्रमाण दहाच्या पुढे जातं, आणि त्यांचा खांदा सुटायलाही जास्त वेळ लागतो. थायरॉइडच्या विकारातही तो जास्त दिसतो. हात मोडून प्लास्टरमध्ये राहिला, पक्षाघात झाला, स्तनाचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालं आणि हात बरेच दिवस हलला नाही, तरी खांदा धरतो. पुष्कळांना मात्र कोणतंही कारण सापडत नाही.

त्याचे तीन टप्पे असतात. पहिला दुखण्याचा: रात्री जास्त दुखतं, हालचाल हळूहळू कमी होत जाते. हा दोन ते नऊ महिने चालतो. दुसरा जखडण्याचा: दुखणं ओसरतं, आखडणं तसंच राहतं, चार ते बारा महिने. तिसरा सुटण्याचा, पाच महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. हे आकडे ऐकून मी डॉक्टरांसमोर रडले होते. पण ते माहीत असणं बरं, कारण तीन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून डॉक्टर बदलत फिरणं थांबतं. बहुतेकांचा खांदा पुष्कळसा मोकळा होतो. काहींना शेवटची थोडी हालचाल परत मिळत नाही, तरी रोजचं काम अडत नाही.

कुणाकडे जायचं आणि जाताना काय न्यायचं

दुखणं दोन-तीन आठवडे हटलं नाही किंवा हालचाल कमी होते आहे असं दिसलं की जा. पहिली भेट घरच्या डॉक्टरांकडे चालेल, ते साखर आणि रक्ततपासणी लिहून देतील. खांद्याची तपासणी मात्र अस्थिरोगतज्ज्ञांकडून करून घ्यावी. खासगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत: पुण्याचं ससून, मुंबईचं केईएम आणि शीव, नागपूरचं मेडिकल, गोव्यात बांबोळीचं. तिथे अस्थिरोग आणि फिजिओथेरपी दोन्ही विभाग एकाच आवारात मिळतात, हा मोठा फायदा आहे. केस पेपरसाठी सकाळी लवकर पोचा, आणि अस्थिरोगाची ओपीडी कोणत्या वारी असते ते आधी विचारून घ्या.

एका वहीच्या पानावर लिहून न्या: कधी सुरू झालं, पडणं-लचकणं झालं होतं का, रात्री कितीदा जाग येते, कोणत्या हालचाली बंद झाल्या. मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, मूत्रपिंड, पोटातला अल्सर, दमा यांतलं काय आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते ठळक लिहा. आयुर्वेदिक काढे, पुड्या, तेलं, सगळं लिहा, संकोच नको. ‘सांधेदुखीवर रामबाण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, आणि त्याने साखर वाढते.

कपडे सैल, पुढून उघडणारे घाला. दोन्ही खांदे उघडे करून, समोरून आणि मागून बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही. बायकांनी सोबत कुणाला तरी न्यावं आणि पडदा मागावा, तो आपला हक्क आहे. डॉक्टरांनी हाताला हातही न लावता थेट एमआरआय लिहून दिला, तर नम्रपणे म्हणा, “डॉक्टर, आधी हालचाल तपासून बघता का?” मी हे वाक्य आता सगळ्यांना पाठ करून घ्यायला सांगते.

भेट संपायच्या आत तीन उत्तरं घेऊन बाहेर पडा: आजाराचं नाव काय, मी कोणत्या टप्प्यात आहे, आणि पुन्हा कधी यायचं.

कोणत्या तपासण्या, कशासाठी

एक्स-रे दोन बाजूंनी काढलेला हवा. फ्रोझन शोल्डरमध्ये तो बहुतेक नॉर्मल येतो, आणि ‘काहीच निघालं नाही, मग दुखतंय कशाला?’ असं घरचे म्हणतात. नॉर्मल येणं हीच इथे माहिती आहे: झीज नाही, कॅल्शियम नाही, सांधा निखळलेला नाही, हाडात गाठ नाही. ज्यांना कोविडच्या काळात किंवा इतर आजारात बरीच स्टेरॉइडं घ्यावी लागली, त्यांच्यात हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन सांध्याचं डोकं खराब झालं आहे का, तेही पाहिलं जातं. ते सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही, तिथे एमआरआयचा खरा उपयोग.

रक्तात उपाशीपोटी साखर आणि एचबीएवनसी. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ किंवा पुढे म्हणजे मधुमेह. थायरॉइडसाठी टीएसएच. दोन्ही खांदे धरले असतील, सकाळचा ताठरपणा जास्त असेल किंवा ताप असेल तर ईएसआर आणि सीआरपी, या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या.

दोरी फाटल्याचा संशय असेल तर सोनोग्राफी चांगलं काम करते आणि स्वस्त पडते. एमआरआय ऑपरेशनचा विचार असेल किंवा निदानच अडलं असेल तेव्हा. साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या एमआरआयमध्येही दोरीला फाट दिसते. त्यामुळे रिपोर्टातला ‘टेअर’ शब्द वाचून घाबरू नका. तो तपासणीशी जुळतो का, हे डॉक्टरांना विचारा.

उपचार: टप्पा बघून

पहिल्या टप्प्यात लक्ष्य दुखणं कमी करणं आणि झोप परत मिळवणं हे असतं. पॅरासिटामॉल, आणि चालत असेल तर थोडे दिवस सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून महिनाभर खाऊ नका. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा अल्सर असेल तर त्या महागात पडतात.

मग येतं सांध्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन. या शब्दाला आपण फार घाबरतो, मीही घाबरले होते. रोज गिळायच्या गोळ्या आणि सांध्यात एकदा दिलेलं इंजेक्शन यांत फरक आहे. पहिल्या, दुखऱ्या टप्प्यात त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. काही आठवडे ते काही महिने वेदना उतरते आणि तेवढ्यात व्यायाम जमायला लागतो. उशिरा, नुसतं आखडणं उरल्यावर त्याचा लाभ कमी. म्हणूनच माझे चार महिने वाया गेल्याचं मला वाईट वाटतं. मधुमेहींनी लक्षात ठेवायचं ते हे: इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते. आठवडाभर ग्लुकोमीटरने रोज बघा, आकडे लिहा, आणि मधुमेहाच्या डॉक्टरांना आधीच कळवून ठेवा. माझी साखर तीन दिवस २५० च्या वर राहिली, मग उतरली. काहींचा चेहरा एखादा दिवस लाल होतो. खांदा लाल-गरम होऊन ताप आला तर मात्र लगेच परत जायचं.

याशिवाय सांध्यात सलाईन आणि औषध भरून वेष्टण आतून फुगवायची पद्धत आहे, तिला हायड्रोडायलेटेशन म्हणतात. खांद्याच्या नसेला बधिर करणारं इंजेक्शनही देतात, झोप पार उडालेल्यांना ते आराम देऊन जातं.

सहा महिने मनापासून व्यायाम आणि इंजेक्शन करूनही हात अडलेलाच आहे, तर भूल देऊन हात हलक्याने सोडवणं किंवा दुर्बिणीतून वेष्टण कापून सैल करणं हे पर्याय येतात. हाडं ठिसूळ असतील तर पहिल्या प्रकारात हाड मोडायचा धोका असतो, तो आधी विचारून घ्या. दोन्हींनंतर एक-दोन दिवसांतच फिजिओथेरपी सुरू होते; तिला वेळ देता येणार नसेल तर ऑपरेशनची घाई करू नका. ब्रिटनमधल्या ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. इंजेक्शनसह नेटकी फिजिओथेरपी, भूल देऊन हात सोडवणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन, तिघांची तुलना केली तर वर्षाअखेर कुणीही इतरांपेक्षा ठळकपणे सरस ठरलं नाही. पहिल्याच भेटीत कुणी ऑपरेशनच सुचवलं तर दुसरं मत घ्यायला हा आधार पुरेसा आहे. ऑपरेशन ठरलंच, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

व्यायाम: थोडा, रोज, हिसका न देता

फिजिओथेरपिस्ट बीपीटी किंवा एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी, शिकलेला असावा. पहिल्या भेटीत अंश मोजून लिहून घेतो का आणि घरी करायचा व्यायाम शिकवतो का, या दोन गोष्टींवरून मी पारख करते. रोज वीस मिनिटं मशीन लावून घरी पाठवणाऱ्या ठिकाणी पैसे जातात. मशीनने तात्पुरता आराम मिळतो. खांदा सुटतो तो हालचालीने.

किती दुखेपर्यंत करायचं? ताण जाणवावा, कळ नको. व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात मूळपदावर यावं. रात्र खराब गेली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. ‘रडलं तरी चालेल, पण हात वर गेलाच पाहिजे’ ही पद्धत चुकीची आहे. नेदरलँड्समध्ये ७७ रुग्णांवरचा एक अभ्यास २००४ साली आला. वेदनेच्या आत राहून हलका व्यायाम करणाऱ्यांचे खांदे, जोर लावून ताणून घेणाऱ्यांपेक्षा दोन वर्षांअखेर चांगले होते. ते वाचलं तेव्हा मला तो हिसका आठवला.

आधी गरम पाण्याने आंघोळ किंवा दहा मिनिटं शेक. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळा आणि ती दुसऱ्याच्या हाताला लावून बघा. मग दिवसातून तीनदा, पाच-दहा मिनिटं.

लोंबता हात. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात दोरीसारखा सोडा. हात हलवायचा नाही. अंग डोलवायचं, म्हणजे हात आपोआप झुलतो. पुढे-मागे, आडवा, मग ताटलीएवढं वर्तुळ. हा व्यायामही कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि दुखऱ्या टप्प्यातही जमतो.

टेबलावर सरकवणं. खुर्चीत बसून दोन्ही तळवे फडक्यावर ठेवा, कमरेतून वाकत फडकं पुढे सरकवा, मनात वीस मोजा, परत या.

छत्रीने बाहेर वळवणं. पाठीवर झोपा, कोपरं कमरेला, दुखऱ्या बाजूला कोपर आणि कुशीमध्ये घडी घातलेला पंचा. मिटलेली लांब छत्री दोन्ही हातांत आडवी धरा आणि चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकला. अडलं तिथे वीस मोजा. हीच हालचाल सगळ्यात आधी जाते, म्हणून हा व्यायाम मी एक दिवसही चुकवला नाही.

भिंतीवर बोटं चढवणं. दाराच्या चौकटीला तोंड करून उभं राहा, बोटं मुंगीसारखी वर चालवा. खांदा कानाकडे उचलून फसवणूक होते, तो खाली ठेवा. जिथे पोचाल तिथे पेन्सिलीने रेघ आणि तारीख.

पाठीमागे टॉवेल. वरून चांगल्या हाताने आणि खालून दुखऱ्या हाताने टॉवेल धरून हलकेच वर ओढा. हा व्यायाम शेवटी, दुखणं बरंच ओसरल्यावर. सुरुवातीला केला तर रात्र जाते.

ताकदीचे व्यायाम, रबरी पट्ट्या वगैरे, हालचाल परत आल्यावर फिजिओथेरपिस्ट सांगेल तेव्हा.

रात्र आणि घरातलं काम

पाठीवर झोपत असाल तर दुखऱ्या कोपराखाली चादरीची घडी ठेवा, कोपर मागे पडायला नको. तेवढ्यानेच माझी पहिली सलग चार तासांची झोप झाली. चांगल्या कुशीवर झोपलात तर पोटाशी लोड घेऊन त्यावर दुखरा हात टाका.

कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. डबे, पातेली, मसाल्याचा डबा छातीच्या उंचीवर आणा. एसटीत किंवा लोकलमध्ये वरचा दांडा दुखऱ्या हाताने धरू नका. ब्रेक लागला की जो हिसका बसतो तो दोन आठवडे मागे नेतो. देवळातली घंटा दुसऱ्या हाताने वाजवली तरी चालते. पण हात झोळीत बांधून ठेवू नका. लाटणं, केर काढणं, भाजी चिरणं, खांद्याच्या खालची सगळी कामं चालू द्या. साखर ताब्यात ठेवणंही उपचारातच धरा. मी संध्याकाळी चालायला लागले आणि औषध सुरू झालं, सहा महिन्यांत एचबीएवनसी ६.८ वर आलं.

घरच्यांना एक विनंती. बाहेरून काही दिसत नाही म्हणून या दुखण्यावर विश्वास बसत नाही. रात्री दोनला उठून बसलेल्या माणसाला ‘एवढं काय झालंय’ म्हणू नका, उशी नीट लावून द्या.

प्रगती कशी बघायची, परत कधी जायचं

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर अजून त्या रेघा आहेत. पहिली १ मार्चची, माझ्या हनुवटीच्या थोडी वर. एप्रिल आणि मे महिन्यातल्या चार रेघा एकमेकींत मिसळल्या आहेत, इतकी कमी प्रगती. मग ऑगस्टमध्ये अचानक चार बोटांचं अंतर. असंच होतं, दिवस मोजून काही कळत नाही, म्हणून रेघ दर रविवारीच ओढा.

सहा ते आठ आठवड्यांत रात्रीचं दुखणं जराही कमी झालं नाही, रेघ खाली येऊ लागली, हाताला नवीन मुंग्या किंवा कमजोरी आली, तर ठरलेल्या तारखेची वाट न बघता परत जा आणि निदान पुन्हा तपासून घ्या. सहा महिन्यांनंतरही रेघ तिथेच असेल तर पुढच्या उपायांची चर्चा करा.

एकदा सुटलेला खांदा पुन्हा सहसा धरत नाही. दुसऱ्या बाजूचा मात्र काहींना पुढच्या काही वर्षांत धरतो, मधुमेहींना जास्त. म्हणून आता दर रविवारी आंघोळीनंतर मी आरशासमोर उभी राहते, दोन्ही कोपरं कमरेला लावते आणि पंजे बाहेर नेते. दोन्ही सारखे उघडले तर ठीक. उजवा मागे राहिला, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, दिवाळी असली तरी.